पुरुष जोडप्यांची एकत्र एचआयव्ही चाचणी: नगर जिल्ह्यात कुठे होते, समुपदेशनात काय विचारतात, कायदा काय सांगतो?

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार हे गाव पाण्याच्या ताळेबंदासाठी देशभर ओळखलं जातं. याच गावाने आणखी एक नियम केला होता, ज्याची तेव्हा बरीच चर्चा झाली. तो म्हणजे लग्नाआधी एचआयव्ही चाचणी. सक्तीची चाचणी योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद आहे आणि आजच्या कायद्यात संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. पण त्यामागचा विचार साधा होता. ज्या दोघांना एकत्र आयुष्य काढायचं आहे, त्यांना एकमेकांच्या तब्येतीबद्दल माहिती असावी.

आता हाच विचार दोन पुरुषांच्या जोडप्याला लावून बघा. त्यांचं लग्न ठरत नाही, त्यामुळे लग्नाआधी कोणी विचारत नाही. गरोदरपणाच्या तपासणीत पती-पत्नीची चाचणी होते, तोही प्रसंग त्यांच्या वाट्याला येत नाही. म्हणजे 'तुम्ही दोघांनी तपासून घेतलंय का?' असं विचारणारी एकही वेळ त्यांच्या आयुष्यात आपोआप येत नाही. ती त्यांना स्वतः आणावी लागते.

ती कशी आणायची, कुठे जायचं आणि तिथे काय होतं, हे समजून घेऊया.

एकत्र चाचणी म्हणजे नेमकं काय?

नेहमीच्या पद्धतीत माणूस एकटा केंद्रात जातो, समुपदेशकाशी बोलतो, रक्त देतो आणि निकालही एकटाच ऐकतो. घरी जाऊन जोडीदाराला सांगायचं की नाही, हे तो ठरवतो.

एकत्र चाचणीत दोघं एकाच वेळी समुपदेशकासमोर बसतात. दोघांचं रक्त घेतलं जातं. दोघांचा निकाल, दोघांच्या समोर, एकाच वेळी सांगितला जातो. त्यानंतर पुढे काय करायचं, हेही तिघं मिळून ठरवतात.

वरवर बघता फरक छोटा वाटतो. पण 'मला कसं सांगू?' हा सगळ्यात जड प्रश्न यात उरतच नाही. सांगण्याची जबाबदारी एका माणसावर पडत नाही आणि ऐकणाऱ्याला शंका विचारायला समोर प्रशिक्षित माणूस असतो.

जोडीदारावर विश्वास असेल तर चाचणीची गरज काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. अनेकांना वाटतं, धोका अनोळखी माणसाकडून असतो. रोजच्या माणसाकडून कसला धोका?

अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच शहरांतल्या समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांची माहिती तपासली गेली. त्यात असा अंदाज निघाला की, त्यांच्यातली सुमारे ६८ टक्के एचआयव्ही लागण मुख्य जोडीदाराकडून होत होती. याचा अर्थ जोडीदार फसवे होते, असा नाही. नातं स्थिर झालं की कंडोम बाजूला पडतो, संबंधांची संख्या वाढते आणि चाचणी मात्र 'करू कधीतरी' म्हणून राहून जाते. स्वतःला लागण झाली आहे हेच माहीत नसलेला माणूस जोडीदाराला काय सांगणार?

ही आकडेवारी अमेरिकेतली आहे, ती जशीच्या तशी इथे लावता येणार नाही. पण भारतातही चाचणीची गरज स्पष्ट आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे 'नॅको'च्या २०२१ च्या पाहणीत पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ३.३ टक्के आढळलं. देशातल्या सर्वसाधारण प्रौढांमध्ये ते ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे.

या फरकामागे शरीरशास्त्रीय कारण आहे. गुदमार्गातील संबंधात विषाणू शरीरात जाण्याची शक्यता इतर लैंगिक संबंधांपेक्षा जास्त असते. दुसरं कारण सामाजिक आहे. लपून राहावं लागलं की दवाखानाही लांब राहतो.

ही पद्धत आली कुठून?

१९८० च्या दशकाच्या अखेरीस रवांडाची राजधानी किगालीमध्ये पती-पत्नींची एकत्र चाचणी आणि समुपदेशन सुरू झालं. पुढे झांबियातही ते झालं. एकत्र निकाल ऐकलेली जोडपी काळजी घेण्याचं प्रमाण वाढवतात, असं तिथे दिसलं. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जोडप्यांच्या चाचणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याच सुमारास अमेरिकेत अटलांटा आणि शिकागोमध्ये ही पद्धत पुरुष जोडप्यांसाठी बदलून घेतली गेली.

यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत एक मोठा अभ्यास झाला. 'एचपीटीएन ०५२' हे त्याचं नाव. पुण्यातल्या भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था म्हणजे 'नारी' त्यात सहभागी होती. बाधित जोडीदाराला लवकर औषधं सुरू केली तर दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त घटतं, हे २०११ मध्ये त्यातून समोर आलं. त्या अभ्यासात बहुतेक जोडपी स्त्री-पुरुष होती. पुरुष जोडप्यांबद्दलचं उत्तर नंतर युरोपातल्या अभ्यासातून मिळालं, ते पुढे बघू.

नगर जिल्ह्यात चाचणी कुठे होते?

१४ तालुक्यांचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा आहे. २०२४ मध्ये त्याचं नाव अहिल्यानगर झालं. अकोल्याच्या डोंगरातल्या माणसाला आणि जामखेडच्या माणसाला नगर शहर लांबच. पण चाचणीसाठी शहरात यावंच लागतं असं नाही.

सरकारी रुग्णालयांमध्ये 'एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र' असतं. बोलताना सगळे त्याला 'आयसीटीसी' म्हणतात. नगरच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या भाषेत 'सिव्हिल'मध्ये ते आहे. तालुक्याच्या पातळीवर उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांमध्ये या चाचणीची सोय असते. चाचणी आणि समुपदेशन दोन्ही मोफत असतं.

इथे एक अडचण सगळ्यांना माहीत आहे. तालुक्याच्या गावात केसपेपर काढणारा ओळखीचा निघतो, रांगेत गावातलं कोणीतरी भेटतं. त्यावर उपाय सोपा आहे. तुम्ही ज्या तालुक्यात राहता, तिथेच चाचणी करायची असं बंधन नाही. संगमनेरचं जोडपं नाशिकला, श्रीगोंद्याचं पुण्याला जाऊन चाचणी करू शकतं. एक जण नोकरीसाठी चाकणला आणि दुसरा गावी असेल, तर सुट्टीच्या भेटीत पुण्यातलं केंद्र गाठणं जास्त सोयीचं.

कुठलं केंद्र जवळ आहे, हे विचारायचं असेल तर १०९७ हा नॅकोचा टोल फ्री क्रमांक आहे. तिथे नाव न सांगताही बोलता येतं.

समलिंगी पुरुषांसाठी खास काम करणाऱ्या संस्थाही राज्यात आहेत. मुंबईचा हमसफर ट्रस्ट १९९४ पासून या क्षेत्रात आहे. सरकारी केंद्रात जायला मन धजत नसेल, तर अशा संस्थेच्या समुपदेशकाशी आधी बोलणं अनेकांना सोपं जातं.

केंद्रात गेल्यावर काय होतं?

पहिली पायरी: सांगणं. आपल्याकडे 'जोडप्याचं समुपदेशन' म्हटलं की डोळ्यांसमोर पती-पत्नी येतात. दोन पुरुष आले तर ते मित्र असावेत असं समजून त्यांना वेगवेगळं बोलावलं जाण्याची शक्यता असते. त्यामुळे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा: 'आम्ही दोघं जोडीदार आहोत. आम्हाला समुपदेशन एकत्र हवं आहे आणि निकालही दोघांना एकत्र ऐकायचा आहे.' लग्नाचा दाखला वगैरे कोणी मागू शकत नाही. मात्र दोघांचीही संमती लागते.

दुसरी पायरी: स्वतंत्र विचारणा. दोघंही स्वतःच्या मर्जीने आलेत का, हे समुपदेशकाने प्रत्येकाला वेगळं विचारायला हवं. एकाने दुसऱ्याला दबाव टाकून आणलं असेल, मारहाणीची भीती असेल, तर एकत्र निकाल सांगणं योग्य नाही. अशा वेळी 'मला वेगळी चाचणी करायची आहे' असं म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि त्याचं कारण द्यावं लागत नाही.

तिसरी पायरी: चाचणीपूर्व समुपदेशन. यात एचआयव्ही कसा पसरतो, चाचणी काय सांगते, निकाल वेगवेगळे आले तर काय कराल, यावर बोलणं होतं. जोडप्यांच्या समुपदेशनाचा एक महत्त्वाचा नियम आहे. तिथे मागचा हिशेब मांडला जात नाही. कोण कधी कोणाबरोबर होता, याची उलटतपासणी होत नाही. बोलणं आज आणि उद्यावर राहतं: नात्याबाहेर संबंध असतील की नाही, असले तर कंडोमबद्दल काय ठरलंय, ठरलेलं मोडलं तर एकमेकांना कसं सांगायचं. बऱ्याच जोडप्यांनी हे कधी शब्दांत मांडलेलंच नसतं. एकाला वाटतं 'ठरलेलंच आहे', दुसऱ्याला वाटतं 'असं कधी बोललोच नाही'.

चौथी पायरी: चाचणी. रक्ताचा थोडा नमुना घेतला जातो. रॅपिड चाचणीचा निकाल बहुतेक वेळा त्याच दिवशी मिळतो. पहिल्या चाचणीत काही आढळलं तर लगेच 'पॉझिटिव्ह' म्हटलं जात नाही. वेगवेगळ्या किटने पुन्हा तपासून, एकूण तीन चाचण्यांनंतर निकाल पक्का केला जातो. त्याच भेटीत सिफिलिसची चाचणीही करून घ्या. गुप्तरोगाची लक्षणं असतील तर सरकारी रुग्णालयांतली 'सुरक्षा क्लिनिक' त्यासाठीच आहेत.

पाचवी पायरी: निकाल आणि पुढचं बोलणं. निकाल तीन प्रकारचे असू शकतात.

दोघंही निगेटिव्ह आले तर?

आनंद आहेच, पण एक गोष्ट तपासा. लागण झाल्यानंतर चाचणीत दिसायला वेळ लागतो. हा काळ साधारण तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत असू शकतो. त्याला 'विंडो पिरियड' म्हणतात. शेवटचा धोक्याचा प्रसंग या काळातला असेल, तर तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा चाचणी करा आणि तोपर्यंत कंडोम वापरा. धोका चालू राहणार असेल तर दर सहा महिन्यांनी चाचणी करत राहणं चांगलं.

एचआयव्ही नसलेल्या व्यक्तीने लागण टाळण्यासाठी घ्यायची गोळी म्हणजे 'प्रेप'. नॅकोने त्यासाठी २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ती सुरू करण्याआधी एचआयव्ही निगेटिव्ह असल्याची खात्री आणि मूत्रपिंडाची तपासणी लागते, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची.

दोघंही पॉझिटिव्ह आले तर?

दोघांनाही एआरटी केंद्रात पाठवलं जातं. एआरटी म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं. नगरच्या जिल्हा रुग्णालयात हे केंद्र आहे. २०१७ पासून भारतात निदान झालेल्या प्रत्येकाला, प्रतिकारशक्तीचा आकडा काहीही असला तरी, मोफत औषधं सुरू करण्याचं धोरण आहे. त्याआधी 'अजून तुमची वेळ आली नाही' म्हणून थांबवलं जायचं. आज तसं थांबायचं कारण नाही. इतर गुप्तरोग टाळण्यासाठी कंडोमचा उपयोग तेव्हाही असतोच.

एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह आला तर?

सगळ्यात जास्त भीती याच निकालाची असते आणि एकत्र चाचणीचा खरा उपयोगही इथेच होतो.

पहिली गोष्ट: हा निकाल विश्वासघाताचा पुरावा नाही. चाचणी फक्त लागण आहे की नाही हे सांगते, ती कधी झाली हे सांगत नाही. एचआयव्ही शरीरात अनेक वर्षं कोणत्याही लक्षणाशिवाय राहू शकतो. लागण हे नातं सुरू होण्याच्या कितीतरी आधीची असू शकते. घरी एकट्याने निकाल ऐकला तर हे सांगणारं कोणी नसतं. समुपदेशकासमोर ऐकला तर पहिल्या पाच मिनिटांतच ते सांगता येतं.

दुसरी गोष्ट: नातं संपवायचं कारण नाही. युरोपातल्या 'पार्टनर' अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. त्यात एक बाधित आणि एक अबाधित अशी ७८२ पुरुष जोडपी होती. बाधित जोडीदार नियमित औषधं घेत होता आणि त्याच्या रक्तातला विषाणू २०० च्या खाली दबलेला होता. या जोडप्यांमध्ये सुमारे ७६ हजार वेळा कंडोमशिवाय संबंध आले. बाधित जोडीदाराकडून दुसऱ्याला झालेली लागण: शून्य.

याच निष्कर्षाला 'यू इज इक्वल टू यू' म्हणतात. मराठीत सांगायचं तर, तपासणीत विषाणू सापडेनासा झाला की तो संबंधातून पसरत नाही. अट एकच: गोळ्या रोज घ्यायच्या आणि विषाणूचं प्रमाण किती आहे, ते 'व्हायरल लोड' तपासून खात्री करायची. औषधं सुरू झाल्यावर ते खाली यायला काही महिने लागतात. तोपर्यंत कंडोम आणि निगेटिव्ह जोडीदारासाठी प्रेपचा विचार करायचा.

नुकताच धोक्याचा प्रसंग घडला असेल, तर निगेटिव्ह जोडीदाराला 'पेप' हा २८ दिवसांचा औषधोपचार देता येतो. तो लवकरात लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू व्हायला हवा. तीन दिवस 'बघू, करू' म्हणण्यात गेले तर ही संधी जाते.

एकाचं किंवा दोघांचंही लग्न झालेलं असेल तर?

गावाकडे आणि तालुक्याच्या ठिकाणी हा प्रश्न टाळून चालत नाही. घरच्यांच्या दबावाने लग्न झालेले आणि पुरुषाशीही नातं असलेले अनेक जण आहेत. त्यांच्या बाबतीत चाचणीचा विषय दोघांपुरता राहत नाही, पत्नीपर्यंत जातो. तिला आपल्याला धोका आहे हेच माहीत नसतं.

समुपदेशकापासून हे लपवू नका. पत्नीला केंद्रात कसं आणायचं आणि काय सांगायचं, यात तो मदत करू शकतो. स्वतःची लागण सांगणं आणि स्वतःचं पुरुषाशी असलेलं नातं सांगणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिच्या तब्येतीसाठी पहिली गोष्ट थांबवता येत नाही.

कायदा काय सांगतो?

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या या गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

• माहितीपूर्ण संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करता येत नाही.

• तुमचा निकाल तुमच्या संमतीशिवाय घरच्यांना, मालकाला किंवा इतर कोणाला सांगता येत नाही. कायद्याने ठरवलेले अपवाद मोजके आहेत.

• नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचं घर यात एचआयव्हीच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही.

• लागण असलेल्या व्यक्तीवरही जबाबदारी आहे. समुपदेशन झाल्यावर, दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून वाजवी काळजी तिने घ्यायची आहे.

जोडीदाराला सांगण्याबद्दल कायद्यात वेगळं कलम आहे. बाधित व्यक्ती स्वतः सांगणार नाही आणि जोडीदाराला मोठा धोका आहे अशी खात्री झाली, तर डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात. पण त्याआधी बाधित व्यक्तीचं समुपदेशन व्हायला हवं आणि 'आम्ही सांगणार आहोत' हे तिला कळवायला हवं. शिवाय बाधित व्यक्ती त्याच डॉक्टर किंवा समुपदेशकाच्या थेट देखरेखीखालची असायला हवी. जोडीदार शोधून काढण्याचं बंधन त्यांच्यावर नाही.

इथेच पुरुष जोडप्यांचा मुद्दा येतो. कायद्यात 'जोडीदार' म्हणजे पती किंवा पत्नी, तसंच एकत्र राहणारी किंवा विवाहासारख्या नात्यातली व्यक्ती. पुरुष जोडप्यांचा वेगळा उल्लेख नाही. समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नकार दिला. म्हणजे जोडीदाराचा निकाल आपल्याला यंत्रणेकडून कळेल, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. दोघांच्या संमतीने एकत्र निकाल ऐकणं, हा कायद्याच्या कसल्याही अडथळ्याशिवाय मोकळा असलेला मार्ग आहे.

नातं सांगितलं तर पोलिसांचं लफडं होईल का?

नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले. ही लढाई सुरूच झाली होती ती एचआयव्हीच्या कामातून. या कलमाच्या भीतीने पुरुष आरोग्यसेवेपर्यंत पोहोचत नाहीत, असं म्हणत नाझ फाउंडेशन ही संस्था २००१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर हे कलमच नाही.

जाण्याआधी एकमेकांना काय विचाराल?

केंद्रात जाण्याच्या आदल्या दिवशी तीन प्रश्नांवर बोलून घ्या.

१. दोघांनाही निकाल एकत्रच ऐकायचा आहे ना? एकालाही नको असेल तर वेगवेगळी चाचणी करा. तीही चाचणीच आहे.

२. निकाल वेगवेगळे आले, तर त्या दिवशी आपण काय करू? घरी कोण असेल, कोणाला सांगू, कोणाला नाही?

३. निकाल काहीही आला, तरी पुढची चाचणी किंवा पुढची तपासणी कधी? ती तारीख आजच ठरवा.

समुपदेशकाने एकत्र बसवायला नकार दिला, तर वाद न घालता दोघांनी स्वतंत्र चाचणी करा आणि निकाल आल्यावर 'आता आम्हाला एकत्र बोलायचं आहे' अशी पुन्हा विनंती करा. तरीही जमलं नाही, तर १०९७ वर विचारून दुसरं केंद्र गाठा.